भूल देण्याआधी

१९७४ साली अमेरिकेत स्तनात गाठ लागलेली बाई ऑपरेशनला जायची, तेव्हा एका सहीत दोन गोष्टींना होकार देऊन जायची. एक, गाठ काढून तपासायला. दोन, तपासणीत कर्करोग निघालाच तर त्याच भुलीत सगळा स्तन काढून टाकायला. गाठीचा तुकडा गोठवून, त्याचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघेपर्यंत सर्जन हातमोजे घालून थांबायचा आणि बाई टेबलावर निपचित असायची. पॅथॉलॉजीतून निरोप आला की पुढचं ठरायचं. आपल्याला आजार कोणता आहे हे बाईला कळायचं ते शुद्धीवर आल्यावर, छातीवरची पट्टी चाचपून. पट्टी लहान असेल तर सुटलो. मोठी असेल तर डॉक्टरांना काही विचारायची गरजच उरत नसे.

याला नाव होतं एका टप्प्यातली शस्त्रक्रिया. पद्धत क्रूरपणातून आली नव्हती. एकदाच भूल, एकदाच खर्च, आणि बाईला मधल्या काळात झुरत बसायला नको, असा तिच्यामागचा विचार होता. ‘तिला त्रास नको’ हे वाक्य त्या काळच्या अमेरिकन सर्जनच्या तोंडीही तितकंच होतं, जितकं आज आपल्याकडच्या भावा-मुलांच्या तोंडी असतं.

रोझ कुश्नर ही मेरिलंडमध्ये राहणारी पत्रकार. व्हिएतनाम युद्धाचं वार्तांकन करून आलेली, प्रश्न विचारायची सवय असलेली. १९७४च्या जूनमध्ये तिला स्वतःच्या स्तनात गाठ लागली. ती ग्रंथालयात गेली, वैद्यकीय नियतकालिकं उपसली, आणि ठरवून आली की आधी फक्त गाठ काढायची, मला जागं करायचं, रिपोर्ट माझ्या हातात द्यायचा, पुढचं मी ठरवीन. एवढ्या एका अटीसाठी तिला एकामागून एक सर्जन नकार देत गेले. शेवटी एक जण तयार झाला. गाठ कर्करोगाची निघाली. मग तिने पुन्हा शोधाशोध केली आणि बफेलोच्या रॉझवेल पार्क संस्थेत जाऊन स्तन काढून घेतला, पण छातीचे स्नायू शाबूत ठेवणाऱ्या पद्धतीने. म्हणजे स्तन गेलाच. जिंकलं काय, तर मधले काही दिवस. एवढ्यासाठी हा सगळा आटापिटा का, असं तिला तेव्हाही अनेकांनी विचारलं असेल.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्या स्तनात गाठ सापडली. त्यांची शस्त्रक्रिया एका टप्प्यातच होणार हे कळल्यावर कुश्नरने व्हाइट हाउसला फोन करून निरोप पोचवायचा प्रयत्न केला. तिच्या सांगण्यानुसार पलीकडून उत्तर आलं की राष्ट्राध्यक्षांनी निर्णय घेतलेला आहे. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या जागी ‘यजमान’ हा शब्द घालून बघा. आपल्याकडच्या कुठल्याही ओपीडीत हे वाक्य चपखल बसेल.

एवढं सरसकट कापायची रीत आली कुठून? बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांच्याकडून. १८९४ साली त्यांनी आपल्या ऑपरेशनांचे निष्कर्ष छापले. त्यांची समजूत अशी की कर्करोग पाण्यात पडलेल्या शाईसारखा एका जागेतून शिस्तीत बाहेर पसरतो. तेव्हा रुंद कापा. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं काढा. ज्या काळात बायका लिंबाएवढी गाठ फुटायला आली की मगच डॉक्टरकडे यायच्या, त्या काळात हे ऑपरेशन मोठी गोष्ट होती. गडबड पुढे झाली. गाठी लहान असताना सापडू लागल्या तरी ऑपरेशन तेच राहिलं, कारण गुरूने शिकवलेलं. बाई वाचली तर ऑपरेशन उत्तम आणि दगावली तर ‘अजून रुंद कापायला हवं होतं’, अशा हिशेबात चूक कधी सापडतच नाही.

ती शोधायला पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर उभे राहिले. त्यांचं म्हणणं, कर्करोगाच्या पेशी रक्तातून लवकरच इकडेतिकडे गेलेल्या असतात. कापण्याची रुंदी वाढवून आयुष्य वाढत नाही. हे सिद्ध करायचं तर चिठ्ठ्या टाकाव्या लागणार होत्या: काही जणींचा स्तन काढायचा, काही जणींची फक्त गाठ काढून किरणांचा शेक (रेडिएशन) द्यायचा, आणि वर्षानुवर्षं मोजत राहायचं. १९७६ साली हा प्रयोग सुरू झाला आणि जवळजवळ अडकलाच. बायका मिळेनात म्हणून नाही, तर सर्जन त्यांना विचारायलाच तयार होईनात म्हणून. १९८४ साली या सर्जनांचीच एक पाहणी छापून आली. ७३ टक्क्यांनी सांगितलं की यामुळे डॉक्टर आणि रुग्णाच्या नात्याला बाधा येईल. २२ टक्क्यांना अनिश्चिततेबद्दल उघड बोलणंच नकोसं वाटत होतं. म्हणजे बाईसमोर बसून ‘दोन्हींतलं चांगलं कोणतं हे मलाही ठाऊक नाही’ एवढं म्हणणं त्यांना जड जात होतं. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक कागद वाटतो. रुग्णाला निर्णयात का घेत नाहीत, याचं उत्तर नेहमी ‘तिला समजणार नाही’ असं दिलं जातं. या पाहणीत डॉक्टरांनी स्वतःची अडचण सांगितली होती.

प्रयोग शेवटी पुरा झाला. १८५१ बायका. २० वर्षांनंतरचा हिशेब २००२ साली आला, आणि त्याच अंकात मिलानच्या उंबेर्तो वेरोनेसी यांचा ७०१ बायकांचा तसाच हिशेब. दोन्हीकडे एकच गोष्ट: स्तन काढलेल्या आणि स्तन राखलेल्या बायका सारख्याच जगल्या. फरक पडला तो वेगळ्याच ठिकाणी. फिशर यांच्या प्रयोगात गाठ काढून शेक घेतलेल्यांपैकी १४.३ टक्के जणींच्या त्याच स्तनात आजार पुन्हा उगवला. शेक न घेतलेल्यांत ३९.२ टक्के. म्हणून आज गाठ काढली की शेक हा बहुतेकींसाठी त्याच निर्णयाचा भाग असतो. गाठ काढू पण शेक नको, असा स्वस्त मधला मार्ग सहसा नसतो.

कुश्नर १९७९च्या जूनमध्ये अमेरिकी आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत बसली होती, मंडळावरची एकटी बिगरडॉक्टर. तिथे ठरलं की हॉल्स्टेडचं ऑपरेशन यापुढे नेहमीचं मानायचं नाही आणि तपासणी व शस्त्रक्रिया शक्यतो दोन टप्प्यांत करायची. १९९० साली ती याच आजाराने गेली.

मधले दिवस हातात आले. पण त्या दिवसांत ठरवायचं काय?

अनेक आजारांत ठरवण्यासारखं फारसं नसतं. अपेंडिक्स फुटायला आलं तर ते काढायचं, त्यात आवडनिवड नाही. स्तनाच्या कर्करोगातही असे भाग आहेत. तपासणीत गाठ विशिष्ट प्रकारची निघाली तर तिच्यावरचं नेमकं औषध टाळणं हा शहाणपणा नव्हे. पण सुरुवातीच्या टप्प्यात सापडलेल्या गाठीत, जिथे आयुष्य दोन्ही वाटांनी सारखंच असतं, तिथे तराजूच्या पारड्यात पडणाऱ्या गोष्टी वैद्यकातल्या राहत नाहीत. शेक घ्यायला रोज जाणं जमेल का? शरीराकडे बघताना काय वाटेल? पुन्हा उगवण्याच्या धास्तीत झोप लागेल का? काखेतल्या गाठी काढल्या की हात सुजण्याची शक्यता असते, खांदा आखडतो. हात कशासाठी वापरायचा आहे? याची उत्तरं डॉक्टरच्या पुस्तकात नाहीत. ती बाईकडे असतात, आणि बाईला आपल्याकडे ती आहेत हे पुष्कळदा ठाऊक नसतं, कारण तिला कुणी विचारलेलं नसतं.

माझी मावशी वाईजवळच्या गावात राहते. २०११ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. पुण्यातल्या एका रुग्णालयात दाखवायला गेलो, मी आणि तिचा मुलगा, म्हणजे दादा. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘मावशी, किती दिवसांपासून आहे?’’ उत्तर दिलं दादाने. ‘‘दुखतं का?’’ तेही दादाने सांगितलं. फाइल दादाच्या मांडीवर, रिपोर्ट दादाच्या हातात, आणि मावशी खुर्चीच्या कडेला पदर सावरून बसलेली, जणू दुसऱ्याच कुणाला दाखवायला आणलं आहे. शेवटी डॉक्टर म्हणाले, ‘‘तुम्हाला काही विचारायचंय?’’ ती दादाकडे बघून मग त्यांच्याकडे बघत म्हणाली, ‘‘हात सुजला तर बांगड्या उतरतील का ओ?’’

दादा ओशाळला. मला वाटलं, काय हा प्रश्न! डॉक्टर मात्र सरसावून बसले. काखेतून किती गाठी काढाव्या लागतील, हात का सुजतो, उजव्या हाताने भाकऱ्या थापायला किती दिवस लागतील, हातात घट्ट काही का घालायचं नाही, हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. त्या अर्ध्या तासातला तोच एक प्रश्न असा होता ज्याच्यामुळे डॉक्टर आणि रुग्ण एकमेकांशी बोलले.

सगळ्याच बायकांना निर्णय घ्यायचा असतो का? कॅनडातल्या लेस्ली डेग्नर यांनी १०१२ बायकांना हे विचारलं. निष्कर्ष १९९७ साली आले. २२ टक्के म्हणाल्या, उपचार आम्हीच निवडू. ४४ टक्क्यांना डॉक्टरांबरोबर मिळून ठरवायचं होतं. ३४ टक्के म्हणाल्या, डॉक्टरांनीच ठरवावं. म्हणजे तिघींतली एक ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणणारी, आणि त्यात गैर काही नाही. ‘तुम्ही ठरवा’ हाही निर्णयच आहे, फक्त तो तिने घेतलेला असावा. बोचणारा आकडा वेगळा होता: आपल्याला हवा तेवढा वाटा मिळाला असं म्हणणाऱ्या फक्त ४२ टक्के होत्या. काहींना हवा होता त्याहून कमी मिळाला, काहींच्या गळ्यात नको असताना जास्त पडला. समोर चार पर्याय मांडून ‘आता तुम्हीच बघा’ म्हणत हात झटकणारा डॉक्टरही बाईला एकटंच पाडतो.

आणखी एक गुंता आहे. आमच्यासारख्या शहाण्या लोकांना वाटतं की बाईला विचारलं की ती स्तन राखेल. २००५ साली अमेरिकेत स्टीव्हन कॅट्झ यांची पाहणी छापून आली तेव्हा उलट निघालं. जिथे सर्जनने ठरवलं तिथे ५.३ टक्के जणींचा पूर्ण स्तन काढला गेला, दोघांनी मिळून ठरवलं तिथे १६.८ टक्के, आणि बाईने स्वतः ठरवलं तिथे २७ टक्के. ‘काढून टाका एकदाचं’ हे जगभर सगळ्या भाषांत म्हटलं जातं. पण दुसरीकडे कॅनडातल्या हॅमिल्टनचे डॉ. टिमोथी व्हेलन यांनी २००४ साली वेगळं काही दाखवलं. त्यांनी सर्जनना एक साधा फलक दिला. दोन्ही ऑपरेशनं, प्रत्येकाचे दुष्परिणाम, पुन्हा उगवण्याची शक्यता, सगळं बायकांसमोर एकेक करून उघडायचं. फलक पाहिलेल्यांपैकी ९४ टक्क्यांनी स्तन राखला, न पाहिलेल्यांपैकी ७६ टक्क्यांनी. फलक पाहिलेल्यांना आजाराची माहिती जास्त होती आणि मनातली घालमेल कमी होती.

दोन्ही पाहण्या शेजारी ठेवल्या की मला एवढं दिसतं: कोण काय निवडतं त्यापेक्षा कशाच्या आधारावर निवडतं ते महत्त्वाचं. ‘पूर्ण काढला तर जास्त जगेन’ म्हणून काढणारी बाई चुकीच्या माहितीवर निर्णय घेते आहे. ‘शेकासाठी पुण्यात राहणं जमत नाही’ म्हणून काढणारी बरोबर माहितीवर. कागदावर दोघींचं ऑपरेशन तेच.

आकडे सांगण्याचीही एक रीत असते. समजा, एखाद्या बाईसारख्या १०० जणींनी केमो न घेता ऑपरेशन केलं, तर दहा वर्षांनी त्यातल्या १० जणी या आजाराने गेलेल्या असतील. केमो घेतली तर ८. आता डॉक्टर म्हणू शकतात, ‘केमोने मृत्यूचा धोका २० टक्क्यांनी कमी होतो.’ खोटं काहीच नाही. किंवा म्हणू शकतात, ‘शंभरातल्या ९० जणी केमोशिवायही राहतील, ८ जणी केमो घेऊनही जातील, आणि दोघींना केमोमुळे आयुष्य मिळेल, त्या दोघी कोण हे आधी कळत नाही.’ पहिलं वाक्य ऐकून कुणीही होकार देईल. दुसरं ऐकून एखादी म्हणेल, दोघींत मी असेन तर केस गेले तरी चालतील. आणि एखादी म्हणेल, नको. दोघीही बरोबर. डॉक्टरांना विचारायचं ते हेच: शंभर जणींतल्या किती जणींना फायदा, किती जणींना त्रास, आणि काहीच केलं नाही तर काय?

तरुण बाईसाठी एक प्रश्न असा असतो की जो वेळेवर विचारला नाही तर नंतर विचारून उपयोग नसतो. केमोने बीजांडांवर परिणाम होऊ शकतो. पुढे मूल हवं असेल तर बीजं गोठवून ठेवायची सोय केमो सुरू होण्याआधीच बघावी लागते. अविवाहित मुलीशी हे बोलायला आपल्याकडे डॉक्टर कचरतात, आईवडील त्याहून कचरतात, आणि तिच्या वतीने गप्प बसण्याचा निर्णय सगळे मिळून घेऊन टाकतात.

भारतीय बायकांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच आहे. २०२२च्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण. त्यांच्यापैकी किती जणींना आपल्या आजाराचं नाव माहीत असतं? ‘तिला कॅन्सर म्हणू नका, गाठ म्हणा’ असं डॉक्टरांना दाराबाहेर गाठून सांगणारे नातेवाईक रोज येतात. भूल हा आपला शब्द मोठा सोयीचा आहे. सुईने देतात तीही भूल, आणि घरच्यांनी प्रेमाने घातलेलीही भूलच. अमेरिकेतली बाई टेबलावर झोपलेली असताना ठरायचं. आपल्याकडे ती बाहेरच्या बाकावर टक्क जागी बसलेली असताना ठरतं.

कायदा मात्र स्पष्ट आहे. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात निकाल दिला. आजार स्तनाचा नव्हता, पण गोष्ट १९७४ सालचीच. एका ४४ वर्षांच्या बाईने दुर्बिणीने तपासणी करायला संमती दिली होती. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजांडकोश काढले गेले. न्यायालय म्हणालं, जिवावर बेतलेलं नसताना तपासणीची संमती उपचाराला चालत नाही, आणि सज्ञान, समजूतदार बाई तात्पुरती बेशुद्ध आहे म्हणून तिच्या आईची सही चालत नाही. उपचार काय, दुसरे पर्याय कोणते, धोके कोणते, नाकारलं तर काय होईल, हे पुरेसं सांगूनच घेतलेली संमती खरी. संमतीची अमेरिकेतली कसोटी आपल्या परिस्थितीत जशीच्या तशी लावता येणार नाही, असंही न्यायालयाने नमूद केलं. पण सही कुणाची, याबद्दल संदिग्धता ठेवली नाही. तरीही आज फॉर्म पुढे सरकवताना नर्स आपसूक विचारते, ‘‘यांचे मिस्टर कुठायत?’’

आणि घाई. गाठीत सुई घातली की कर्करोग पसरतो, या समजुतीपायी किती बायका तपासणी टाळून थेट कापून घ्यायला येतात. खरं तर सुईने तुकडा काढून आधी निदान करणं हीच आता सर्वत्र रीत आहे, आणि बाईला जागेपणी विचार करायला वेळ मिळतो तो तिच्यामुळेच. महिनोन् महिने घालवणं घातक. पण निदान झाल्यावर दोन-चार दिवस घेऊन, दुसऱ्या डॉक्टरांना विचारून, प्रश्न वहीत लिहून पुन्हा जाण्याने सहसा काही बिघडत नाही. परवानगी मागून बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करावं. ‘कॅन्सर’ हा शब्द कानावर पडल्यावर पुढचं काही ऐकू येत नाही.

मावशीच्या बाबतीत मी हे सगळं वाचून तयार होते. गाठ लहान होती, स्तन राखता येण्यासारखा होता. मी तिला आकडे सांगितले, फिशर सांगितला, मिलान सांगितलं. ती निवांत ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘शेक किती दिवस म्हणालीस?’’

‘‘पाच आठवडे. शनिवार-रविवार सोडून रोज.’’

‘‘पाच आठवडे पुण्यात कुणाच्या दारात बसू? दादाची खोली एक. सूनबाईचे दिवस भरत आलेत. काढू दे त्यांना.’’

मी हुज्जत घातली. तिने डॉक्टरांना स्वतः सांगितलं, सही स्वतः केली, इंग्रजीत नाही, मराठीत, पूर्ण नाव. काखेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या, शेकाची गरज पडली नाही. ती आजही भाकऱ्या थापते. बांगड्या डाव्या हातात असतात.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि आम्हाला कुणी सांगितलंही नाही, की त्याच टिमोथी व्हेलन यांनी २०१० साली १२३४ बायकांचा दहा वर्षांचा हिशेब छापला होता. गाठ काढल्यावर शेक पाच आठवड्यांऐवजी सोळा बैठकांत, तीन आठवड्यांच्या आसपास संपवला तरी निकाल तोच. ब्रिटनमधून २००८ सालीच असे निष्कर्ष आले होते. २०२० साली तिथल्याच एका प्रयोगाने काही जणींसाठी पाच बैठका, म्हणजे एकच आठवडा, पुरतो असं दाखवलं. खेड्यातून येणाऱ्या बाईसाठी ही आकडेवारी कुठल्याही नव्या औषधाइतकी मोठी आहे. स्तन राहणार की जाणार हे तिच्या बाबतीत पुष्कळदा गाठीच्या आकारापेक्षा शेकाच्या यंत्रापर्यंतच्या एसटीच्या फेऱ्यांवर ठरतं.

गेल्या दिवाळीत मी तिला हे सांगितलं. सांगावं की नाही, यावर आठवडाभर घोळ घातला. मग वाटलं, न सांगणं म्हणजे पुन्हा तेच. ती करंज्यांच्या कडा दाबत होती. तिने बोटं मोजली. ‘‘तीन आठवडे,’’ ती म्हणाली. ‘‘सूनबाईला तेव्हा महिना होता अजून.’’ मग पुढची करंजी उचलली.